बाप पाडण्याचा सराव

४ ऑगस्ट

आजपासून मला नवी ड्युटी. सकाळी सहा ते सात मुलीच्या हातून पडायचं, मग आठला गोदामावर मुकादम! मनालीची ज्युदोतली जोडीदारीण लग्न होऊन नाशिकला गेली. वर्गात तिच्या वजनाचं दुसरं कोणी नाही. ती त्रेसष्ट किलोच्या गटात, बाप चौसष्ट. बावन्न वर्षांत एवढा उपयोगी कधी ठरलो नव्हतो. तिच्या कोच नेत्रा मॅडम म्हणाल्या, "काका, फक्त उभं राहायचं आणि पडायचं." फक्त म्हणे.

नोव्हेंबरात जिल्ह्याची निवड. पहिली आली तर राज्य स्पर्धेसाठी जिल्ह्याच्या संघात. ज्युनिअरमधलं तिचं हे शेवटचं वर्ष.

६ ऑगस्ट

डावाचं नाव सेओई नागे. बाही धरून ओढायचं, गर्रकन फिरून समोरच्याच्या काखेत आपलं कोपर घालायचं, खांद्यावरून पुढे आपटायचं. मी म्हटलं, हा तर आमचा धोबीपछाड. मॅडम म्हणाल्या, "हा हाताचा डाव आहे, काका." वजन पाठीवर आणि नाव हाताचं. गोदामात ओझं हमाल उचलतात आणि नाव मुकादमाचं होतं, तसंच हे. म्हणून वाद घातला नाही.

१३ ऑगस्ट

अजून एकदाही पडलो नाही. मनाली काखेत शिरली की माझी कंबर आपोआप खाली बसते. मनाला पडायचं असतं, अंगाला पटत नाही. दिघाशीपासून पडघ्यापर्यंतच्या सगळ्या जत्रांत कुस्त्या केल्या. काही बरोबरीत सुटल्या, पण पाठ टेकली नाही. मनाली वैतागली — "बाबा, तुमी पडतच न्हाय तं मी शिकू कशी?"

१७ ऑगस्ट

तालमीतला जुना दोस्त नामा भेटला. "दामू, पोरीकडनं चीत व्हायला जातंस म्हनं?" म्हटलं, जातो. त्यातही पडल्यावर हातानं गादीवर थाप मारायची असते. आम्ही कुस्तीआधी शड्डू ठोकायचो, हे लोक आपटल्यावर ठोकतात.

२ सप्टेंबर

युक्ती सापडली. तिनं ओढलं की चवड्यांवर यायचं आणि आपणच उडी मारायची. धप्प. थाप. मॅडम फक्त रविवारी येतात, बाकी दिवस आम्ही दोघंच. बघणारं कोण?

मनाली हसली. महिन्याभरात पहिल्यांदा. जीव सुखावला.

२० सप्टेंबर

वीस वेळा पडलो. जत्रेत असा पडलो असतो तर ठरवून केलेली नुरा कुस्ती म्हणून लोकांनी चपला फेकल्या असत्या. कंबरेला बाम.

१६ नोव्हेंबर

निवडीच्या लढती झाल्या. मनाली पहिल्याच फेरीत बाद.

समोर भिवंडीतली एक मुलगी होती. मनाली छान आत शिरली, ओढलं, आणि क्षणभर थांबली. मला कळलं कशासाठी. समोरची आता उडी मारेल म्हणून. तिनं कशाला मारावी? तिनं मागून आवळून मनालीलाच आपटलं. माणसं आपणहून पडतात, हे पोरीला मी शिकवलं.

१८ नोव्हेंबर

जेवताना सांगून टाकलं. मनाली भाकरी मोडत राहिली. मग म्हणाली, "म्हाईत हाय मना." कधीपासून? "पयल्या उडीपासून." मग बोलली का नाहीस? "तुमची कंबर दुखते. मी पन कधी पुरता जोर लावला न्हाय."

म्हणजे अडीच महिने बाप लेकीला जपत होता आणि लेक बापाला. दोघांनी मिळून निवड घालवली.

ठरलं. आता कोणी कोणाला जपायचं नाही. पुढच्या वर्षी सीनिअरमध्ये उतरायचं.

२१ नोव्हेंबर

आज पाय रोवून, कंबर बसवून उभा राहिलो. पडायचं नाही म्हणजे नाही. कधी आत शिरली कळलंच नाही. मी पडलो नाही, तिनं मला पाडलं. पाठ सपाट गादीवर. थाप मारायचंही राहिलं.

मनाली वरून बघत होती. म्हणाली, "परत उडी मारलीत ना?"

नाही म्हटलं. शपथ घेतली. तिनं कमरेचा पट्टा सोडला आणि निघून गेली.