निःपक्षपाती पेटारा

३ एप्रिल १९८७, शुक्रवार
पिंपरीच्या ज्या कारखान्यात मी बावीस वर्षं स्टोअरकीपर होतो, तिथल्या लिलावात आज पोर्टेबल कॉम्प्युटर घेतला. कोणी परदेशी इंजिनिअर मागे ठेवून गेलेला. दिसायला शिलाई मशीनच्या पेटीसारखा. वर हँडल. झाकण काढलं की कीबोर्ड आणि पंजाएवढा हिरवा पडदा. सोबत काळी चौकोनी डिस्क, एकच. ती आत घातली तरच तो चालतो. लिलाववाल्याने घालून दाखवली, पडद्यावर अक्षरं उमटली. मी 'ओके' म्हणालो.

वजन चौदा किलो. पोर्टेबल म्हणजे उचलून नेता येतो. किती लांब, ते कुठे लिहिलेलं नाही. बसमध्ये कंडक्टरने त्याचं अर्धं तिकीट फाडलं. चांद्याच्या फाट्यापासून घरापर्यंत अकरा वेळा खाली ठेवला.

संकल्प: यंदा यात्रेत मान मिळवायचा. आमच्या गावात प्रत्येक घराला काही ना काही मान आहे. कोणी अब्दागिरी धरतो, कोणी चवरी ढाळतो. आमच्या घराकडे पालखीच्या वाटेतली गुरं बाजूला हाकायचं काम आहे. आजोबांनी हाकली, वडलांनी हाकली. मी टेक्निकल माणूस आहे. मी हाकणार नाही.

४ एप्रिल
सगुणा, म्हणजे आमची सौ., म्हणाली की पूजेबिगर नव्या वस्तूला हात लावायचा न्हाई. योग्यच आहे. सायकलची होते, पिठाच्या गिरणीची होते. ती झाकणावर कुंकू लावायला निघाली होती, मी थांबवली. कॉम्प्युटरचा जीव डिस्कमध्ये असतो. डिस्कच्या पाकिटाला एक लांबट खिडकी असते, तिथून आतली तपकिरी चकती दिसते. नेमकं तिथेच मी गंध लावलं, हळदकुंकू वाहिलं, चार अक्षता सोडल्या. जाणकाराने केलेली पूजा वेगळीच.

५ एप्रिल, सकाळी ९
सुरू केला. घर्रर्र आवाज. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ: योग्य डिस्क घाला आणि कुठलंही बटण दाबा. घातली. दाबलं. परत तीच ओळ.

दुपारी १२
एकेचाळीस वेळा दाबलं. आपल्याकडे व्होल्टेज कमी. नव्या बैलालाही शिवार ओळखायला आठ दिवस लागतात.

९ एप्रिल
देवळात बैठक. नेहमीचं भांडण: पालखीला पहिला खांदा कोणाचा, वरच्या आळीचा की खालच्या? गेल्या वर्षी दोन्ही आळ्यांनी पालखी धरून ठेवली आणि देव दुपारपर्यंत उन्हात उभा राहिला. वरच्या आळीचा जयसिंग आणि खालच्या आळीचा कुशाबा आज पुन्हा हमरीतुमरीवर आले. तेव्हा मी उभा राहिलो. म्हणालो, कॉम्प्युटरला ना भाऊ ना भावकी. दोघांच्या वंशावळी द्या, तो हिशेब करून निकाल देईल.

बावन्न वर्षांत गाव माझ्यासमोर पहिल्यांदा गप्प बसलं. फार बरं वाटलं.

ठरलं असं की २१ तारखेला यात्रेच्या सकाळी निकाल. निकाल देणाऱ्याला फेटा आणि मानाचा नारळ. मात्र निकाल आला न्हाई तर पेटाऱ्यासकट तुला हिरीत टाकतु, असं जयसिंग म्हणाला. कुशाबानेही मान हलवली. दोघांचं एकमत झालेलं मी प्रथमच पाहिलं. माझं यश सुरू झालंय.

१० एप्रिल
मशीन डिस्क मागतंय. मी देतोय. सगुणाने सुचवलं की देवळातून उचलताना वरच्या आळीनं खांदा द्यावा, परत येताना खालच्या आळीनं, त्याला पेटारा कशाला पायजे? बायकांना सायन्स कळत नाही. सोडून दिलं.

१३ एप्रिल
दोन्हीकडून वंशावळी आल्या. वरच्या आळीने सोबत कोंबडा आणला, खालच्या आळीने कोंबडी. निःपक्षपातीपणे दोन्ही खाल्ली.

नवीन अडचण. दुसऱ्या आळीने गुपचूप येऊन मशीन फितवू नये म्हणून दोघांनी माझ्या ओट्यावर पहारेकरी बसवलेत. वरच्या आळीचा गेणबा, खालच्या आळीचा कोंडिबा. बांधाच्या वादावरून पाच वर्षं हे दोघे बोलत नाहीत. एकमेकांकडे पाठ करून बसलेत. सगुणा चहा देते.

१४ एप्रिल
पहाटे टमरेल घेऊन निघालो तर दोघेही मागे आले. मशीनवाल्यालाबी कोण वाटंत गाठंल, असं गेणबाचं म्हणणं. एकाने डावीकडून लक्ष ठेवलं, दुसऱ्याने उजवीकडून. काम झालं नाही.

१५ एप्रिल
पिंपरीला जाऊन दुसरी डिस्क आणावी म्हणतो. सोडत नाहीत. निकालाआधी माणूस गावाबाहेर जाणार न्हाई, असा हुकूम आहे. मी माझ्याच घरात, माझ्याच कॉम्प्युटरसोबत कैदेत आहे. तरी एकांतात मोठी कामं होतात.

डिस्क ओल्या फडक्याने पुसली. अक्षता निघाल्या, तीनच. चौथी आत गेली असावी. फार फरक पडू नये.

१६ एप्रिल
तक्रार: ओट्यावर गडबड. गेणबाकडे तंबाखू आहे, चुना नाही. कोंडिबाकडे चुना आहे, तंबाखू संपली. सकाळभर दोघे तोंड फिरवून बसले. दुपारी गेणबाने न बोलता हात पुढे केला, कोंडिबाने न बोलता डबी दिली. मशीनपाशी चुना चालत नाही, धूळ उडते, असं मी खिडकीतून ओरडलो. लक्ष दिलं नाही.

१८ एप्रिल, दुपारी ४
आता पत्ते खेळतात. बांध सरकला की आपसूक वाहून गेला यावर हसतात. जयसिंग आणि कुशाबाही आले. माझी प्रगती तपासायला आले असणार. आत येतील म्हणून मी कीबोर्ड जोरजोरात बडवला. कोणी आत आलं नाही. ओट्यावर बसून तीन तीन कप चहा प्यायले, सगुणाशी बोलत बसले. ती हातवारे करून काहीतरी सांगत होती. पाककृती असावी.

विहीर पुष्कळ खोल आहे. मला पोहता येत नाही.

१९ एप्रिल
मनातला निकाल मशीनचा म्हणून सांगावा काय? वरची आळी म्हटलं तर खालची मारेल, खालची म्हटलं तर वरची. मशीनचं बरं आहे, त्याला भावकी नाही आणि पाठही नाही.

२० एप्रिल
प्लॅन: उद्या पहाटे मागच्या दाराने कासारसाईला बहिणीकडे. कॉम्प्युटर सोबत. तो मागे राहिला तर लोक म्हणतील, हैबत पळाला. सोबत असला तर मी कामानिमित्त गेलो.

२१ एप्रिल, पहाटे ५
निघालो. गोठ्यापर्यंत पोचलो. कमरेत लचक. कॉम्प्युटर म्हशीच्या पुढ्यात ठेवून बसलो, मग कसाबसा परत आत आणला. गोठ्याचं दार लावलं की नाही, आठवत नाही.

सकाळी ८
ओट्यावर कोणी नाही! गेणबा नाही, कोंडिबा नाही. पुढच्या दाराला बाहेरून कडी. कुत्री शिरतात म्हणून बाहेर जाताना सगुणा लावतेच, मी आत आहे हे विसरली असावी. ढोल वाजायला लागलाय. निकालाशिवाय ढोल कसा?

सकाळी ९
खिडकीतून पालखी दिसली. जयसिंगचा खांदा आहे. कुशाबा शेजारून चवरी ढाळत चाललाय. येताना कुशाबाचा खांदा, असं कोणीतरी ओरडून सांगत होतं. ही आयडिया मी कुठेतरी ऐकली आहे.

पालखी नेमकी आमच्या दारात थांबली. माझं नाव घेऊन हाका सुरू झाल्या. म्हणजे गाव मला विसरलं नाही! पटकन फेटा बांधला, केस विंचरायचे राहिले. कडी निघाली. दारात गेणबा. मी निकालाचा कागद पुढे केला, कोरा होता. त्याने पाहिलाही नाही. म्हणाला, हैबत, तुजी म्हस वाटंत बसलीया, उठव.

सगळं गाव बघत होतं. मी फेट्यासकट म्हैस उठवली. आजोबांसारखंच हाट्‌ हाट्‌ केलं. पालखी पुढे गेली.

दुपारी ३
मानाचा नारळ सगुणाला मिळाला. आठ दिवस चहा दिला आणि शहाणपणाची गोष्ट सांगितली म्हणून. तिने तो आणून कॉम्प्युटरवर ठेवला, सपाट जागा तेवढीच होती. मला खूप वाईट वाटलं. रडलो नाही, डोळ्यात चुना गेला होता.

शांतपणे विचार केला. मशीन नसतं तर पहारा बसला नसता. पहारा नसता तर चहा नसता. म्हणजे निकाल मशीननेच दिला, फक्त पडद्यावर आला नाही. आणि पालखी अडली होती, ती मी सोडवली.

सगुणाने नारळ फोडून मला मोठा तुकडा दिला. पुढच्या साली म्हस बांधून ठेवा, एवढंच म्हणाली.