मालकाचं नाव

आये, तुला बाहेरचं काही लागलेलं नव्हतं. हे कळायला मला सत्तरी ओलांडावी लागली, आणि कळलं तेही सांगलीच्या दवाखान्यात, माझ्याच मेंदूचा फोटो काढल्यावर.

शेवटी शेवटी तू अंगणात उभी राहून आबाला नावानं हाका मारायचीस. जिनं जन्मात नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नाही ती बाई वेशीपर्यंत ऐकू जाईल अशी ओरडते, म्हणून गावानं ठरवून टाकलं, लागीर झालंय. मिरच्यांची धुरी दिली तुला. आमटीत दोनदा मीठ पडलं तशी वहिनी म्हणाली, "आत्याबाईस्नी चुलीम्होरं येऊ देऊ नगा." चूल गेली आणि तू लय लवकर विझलीस. भाकरी थापणारे तुझे हात नुसतेच मांडीवर पडलेले मला अजून दिसतात.

डॉक्टर मला म्हणाला, "आजी, मेंदूतल्या बारीक शिरांची भिंत झिरपायला लागलीय. रक्तातलं जे मेंदूत जायला नको ते आत पाझरतं, आणि जे पाहिजे ते नीट पोचत नाही. अल्झायमरची सुरुवात दिसते. बीपीनंही त्याला हातभार लावलाय."

"म्हंजी खेकड्यानं पाटाचा बांध पोखरल्यावानी," मी म्हणाले. "नको तिथं चिखल, आन् ऊस वाळतोय."

"तसंच काहीसं."

आये, बांध फुटला होता गं तुझा, आणि आम्ही पाण्याला शिव्या देत बसलो. त्या धुरीचा ठसका मला इतक्या वर्षांनी, तिथं खुर्चीत बसल्या बसल्या लागला.

त्याआधी एका पोरसवदा डॉक्टरणीनं माझी परीक्षा घेतली होती. वार विचारला, गाव विचारलं, मग म्हणाली, "मिस्टरांचं नाव काय?" मी पदर पुढं ओढून खाली बघत राहिले. तिनं दोनदा विचारलं आणि कागदावर फुली मारली. ती फुली बघून माझ्या लेकाचं तोंड उतरलं. गाडीत म्हणाला, "आई, आता गावाकडं एकटीनं राहायचं नाही. सांगलीतच राहायचं. गॅसला हात लावायचा नाही."

"का रं?"

"अगं, तुला दादांचं नाव आठवलं नाही!"

"मेल्या, तुझ्या बापाचं नाव मी घास भरवताना उखाण्यात घेतलंय. त्या पोरीला फुकट कशाला सांगू? ताट मांडायचं हुतं तिनं!"

मागं बसलेली सून इतकी हसली की लेकालाही हसू आलं. मी तिथंच बजावलं, गोळ्या खाईन, मीठ कमी करीन, शेजारीण रोज डोकावेल, पण चूल सोडणार न्हाई. माझ्या आयेची सोडवली ती बास झाली. कोरेगावला माझ्या घरी उतरले आणि थेट स्वयंपाकघर गाठलं.

तुझ्यापर्यंत टपाल जात नाही ते बरंच आहे. लेकाला सांगितलं नाही ते तुला लिहिते. पदर मी रिवाजानं ओढला नव्हता. नाव आलंच नाही. दवाखान्याच्या जिन्यात, तिसऱ्या वळणावर आलं. तेव्हा कळलं, तू हाका का मारायचीस. नाव निसटू नये म्हणून ओरडत होतीस.

आता सकाळी गॅस पेटवताना मीही मालकाचं नाव घेते. मोठ्यानं. ज्याला लागीर म्हणायचं त्यानं म्हणावं.