फडक्याखालचा हात

प्रिय गास्पारे,

अक्षर बघून हसू नकोस. शाळेच्या भिंतीवरून उडी मारायला तूच शिकवलंस, त्याचं हे फळ. फोनवर बोललो असतो, पण फोनवर तू गोड बोलतोस आणि मी विरघळतो.

सप्टेंबरात मी पालेर्मोला येऊन गेलो. तुला आधी कळवलं नव्हतं, कारण दारात उभं राहून तुला दचकवायचं होतं. ब्रेमेनच्या मांसाच्या कारखान्यात माझ्या शेजारी उभा राहणारा ऊवे सोबत होता. त्याला म्हटलं होतं, चल, माझा बाजार दाखवतो. पण त्या शहाण्यानं 'बाजारात फिरा, रस्त्यावरचं खा' असल्या कुठल्याशा सहलीत दोघांची नावं आधीच घातलेली. म्हटलं, असू दे, आपल्याच गल्लीत एकदा पाहुणा होऊन बघू. चौकात सहलीचा वाटाड्या म्हणून लाल छत्री उंच धरून कोण उभं? तू! मी टोपी डोळ्यांवर ओढली आणि घोळक्याच्या मागे राहिलो. योग्य वेळी तुझ्या मानेवर टपली मारणार होतो.

आपला बाल्लारो बाजार तसाच आहे रे. गोगलगायी पेटीतून पळतायत, मासेवाला ऊवेवर ओरडतोय, "फोटोनं पोट भरतं का, मामा? घे की!" मी मनातल्या मनात नाचत होतो. मग तू बाबांच्या कोपऱ्यावर थांबलास. तिथे बाबांची टोपली होती.

तुला सांगायला नको, पण मला लिहिल्याशिवाय राहवत नाही. वासराचे बारीक तुकडे, कूर्चा, तमालपत्र घालून चरबीत परतलेले, वर फडकं. बाबा न बघता हात घालायचे आणि मूठ कागदावर ठेवायचे. कुणी विचारलं, "तानोकाका, आत आहे तरी काय?" तर म्हणायचे, "माझा हात आहे. पटत नसेल तर पुढे चला. दाखवून विकायचं असतं तर आरसे विकले असते!" सगळा बाजार हसायचा, आणि विचारणारा निमूट खायचा.

तू फडकं उचललंस. फोटोसाठी. पाहुण्यांनी वाकून आत बघितलं, एका बाईनं नाक मुरडलं.

तेवढंही मी गिळलं असतं. पण मग तू तुझ्या मोडक्या जर्मनमध्ये गोष्ट सांगितलीस. म्हाताऱ्याला एक मुलगा होता म्हणे. त्याला या टोपलीची लाज वाटायची. उत्तरेला पळाला, बापाच्या मयतालाही आला नाही. मरताना म्हाताऱ्यानं टोपली तुझ्या हाती दिली. बायका हळहळल्या. ऊवे माझ्याकडे वळून म्हणाला, "असला कसला रे मुलगा?"

गास्पारे, बाबा गेले त्या रात्री फोन कुणी केला होता? "येऊ नकोस, नवी नोकरी आहे, हाकलतील. तुझ्या वाटणीचा खांदा मी देतो," असं कोण म्हणालं होतं? मी तुझा शब्द खाल्ला, आत काय आहे ते न बघता. टोपली सांभाळ म्हणून मीच तुला सांगितलं होतं.

आणि माझी पाळी आली तेव्हा तू मला ओळखलंस. नाही म्हणू नकोस, तुझा हात टोपलीत थांबला होता. मग कागद पुढे करून जर्मनमध्ये म्हणालास, "घ्या साहेब, गरम आहे." मी घेतला. तुझ्यासमोर उभं राहून खाल्लं. बाबांचीच चव होती, म्हणून रडू आलं. ऊवेला वाटलं, तिखट लागलं.

आता हे का लिहितोय ते सांगतो. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी मी येतोय, परत न जाण्यासाठी. सकाळी कबरीवर फुलं ठेवून त्या कोपऱ्यावर येईन. तू तुझा घोळका घेऊन ये. मासेवाला, भाजीवाल्या, सगळे असतील. तीच गोष्ट माझ्या तोंडाकडे बघत, आपल्या बोलीत, मोठ्यानं सांग. सांगता आली, तर टोपली तुझी. नाही आली, तर काही बोलू नकोस, नुसता बाजूला सरक.

तोवर फडकं झाकलेलं ठेव.

अजून तरी तुझाच,
नुन्सिओ