मागच्या वाटेनं पेपरला

माय, परवा रविवारी मी परीक्षेला बसले. या वयात कसली परीक्षा, असं तू विचारशील. खात्याची, बढतीची. याआधी दोनदा अर्ज भरला आणि दोन्ही वेळा ऐन सकाळी अंथरुणातच पडून राहिले. पोटात गोळा आला की मला आजही काही सुचत नाही. यंदा बसले नसते तर पुढे वय आड येणार होतं, म्हणजे निवृत्तीपर्यंत त्याच टेबलावर, माझ्याच हाताखाली शिकलेल्या पोरांना साहेब म्हणत. इथे धुळ्यात, ऑफिसात किंवा बिल्डिंगमध्ये, मी कुणालाही सांगितलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तुझंच शिकवणं.

दहावीचा पहिला पेपर तुला आठवत असेल. त्या वर्षी आपल्या गल्लीत दहावीला मी एकटीच, त्यामुळे परीक्षा सगळ्या गल्लीची होती. घराबाहेर पाऊल टाकलं तर समोरच्या अक्का दही-साखरेची वाटी घेऊन उभ्या. पुढे शेजारच्या काकू, मग कोपऱ्यावरच्या मामी. प्रत्येकीच्या हातात चमचा आणि प्रत्येकीच्या तोंडी तेच, "पोरी, पह्यला नंबर आन बरं!" नाही म्हणायची सोय नव्हती. नवसाच्या देवासारखी मी सगळ्यांचा नैवेद्य खात स्टँडपर्यंत गेले आणि एसटीच्या पायरीवर अख्ख्या गल्लीचं दही बाहेर आलं. पेपरात पहिला अर्धा तास मी नुसता माझा बैठक क्रमांक वाचत बसले होते.

संध्याकाळी तू रागावली नाहीस, समजूतही काढली नाहीस. दुसऱ्या पेपरच्या सकाळी मला मागच्या दाराशी बोलावतेस. "चाल, मांगल्या रस्त्यानं जाऊ. कोनाले सांगाचं नही." आपण केळीच्या बागेतून चाललोय. तू पुढे, लोंबणारी पानं हातानं बाजूला सारत, मी मागे कंपास छातीशी धरून. पाटाशी आल्यावर तू थांबतेस. "पाय घाल पान्यात. पोट निवेपर्यंत उभी राह्य." मी उभी राहते. तू बांधावर बसून माझ्याकडे बघत राहतेस, अभ्यासाचं एक अक्षर विचारत नाहीस. आणि पोट खरंच निवतं. बायकांना तू नंतर ठोकून दिलंस, पोरगी सकायीच गेली. शेवटच्या पेपरापर्यंत आपण त्याच वाटेनं गेलो. तेवढा आधार मला पुढे आयुष्यात कुणी दिला नाही. हे आधीच लिहून टाकते, कारण यापुढचं तुला आवडणार नाही.

आपल्याला त्या वाटेची सवयच लागली गं. मला बघायला पाहुणे आले ते गल्लीला कळलं नाही, आणि ठरत आलेलं मोडलं तेही नाही. रडायचं ते मी आतल्या खोलीत, तोंडात पदर कोंबून. तुझं दुखणं तर तू असं झाकून नेलंस की जळगावच्या दवाखान्यातून गाडी तुला घेऊन परत आली तेव्हाच लोकांना समजलं. अक्का मला धरून रडल्या. "आम्हाले काहून नही सांगतलं वं पोरी?" त्यांना काय सांगणार होते? मलाच तू शेवटच्या आठवड्यात सांगितलं होतंस. त्याचा मला राग आहे, माय. इतकी वर्षं झाली, तरी आहे. मेलेल्या माणसावरचा राग कुठे नेऊन ठेवायचा हे मला कळलेलं नाही.

परवा केंद्र जळगावला होतं. पहाटेच्या बसमध्ये शेजारी एक मुलगी होती, तिचाही कसलासा पेपर. तिचा फोन थांबेना. "हो मामी, खाल्लं दही. हो आत्या, घड्याळ घेतलंय." फोन ठेवला की दुसरा. शेवटी वैतागून मला म्हणाली, "काकू, यांना स्वतःला पेपर द्यावा लागला असता ना, मग कळलं असतं." मी हसले. माझा फोन पर्समध्ये गप्प पडून होता. वाजणार कसा? मीच तर तशी व्यवस्था केली होती.

केंद्रावर पोचले. कोपऱ्यातल्या नळापाशी गेले, वहाणा काढल्या आणि साडी वर खोचून पाय धारेखाली धरले. लोक बघत होते, बघू दिलं. पाय गार झाले, पोट होतं तसंच. मग मी फाटकाकडे वळले. धुळ्याची बस कधी सुटते, एवढंच डोक्यात होतं.

नळावर बाटली भरणारी एक बाई माझ्याकडे बघत होती. पिंपळनेरहून आलेली, माझ्याहून बरीच लहान. "काय व्हयनं ताई?" तिनं विचारलं. काही नाही, असं म्हणायला तोंड उघडलं आणि निघालं भलतंच. "मला भीती वाटतेय." एवढं साधं वाक्य मी आजवर कुणाला म्हटलं नव्हतं. तुलाही नाही, तू न सांगता ओळखायचीस म्हणून. तिनं बाटली खाली ठेवली. "माले बी, माय वं! अभ्यास बठ्ठा इसरी गऊ मी. चला, संगे जाऊत." तिनं माझं मनगट धरलं ते वर्गाच्या दारापर्यंत सोडलं नाही. तिचा हातही घामानं ओला होता.

पेपर बरा गेला की वाईट, माहीत नाही. पण घंटा होईपर्यंत मी बसले. निकाल लागायचा आहे.

हे तुला पोचणार नाही म्हणून लिहिता येतंय. पोचणार असतं तर एक गोष्ट मी झाकूनच ठेवली असती. बसमध्ये त्या मुलीचा फोन वाजत होता तेव्हा मला तुझी आठवण आली नाही, माय. गल्लीतल्या त्या बायकांची आली. वाटलं, कुणीतरी माझी वाट अडवायला हवी होती.