पोटगीचं सॉफ्टवेअर आणि तुमचा मुलगा

तीर्थस्वरूप आईंना वाकून नमस्कार. (कागदोपत्री तुम्ही आता माझ्या सासूबाई उरलेल्या नाहीत. पण तुम्हाला काकू म्हणायला माझी जीभ वळत नाही, आणि वळली तरी तुम्ही ओ द्यायच्या नाहीत.) गुडघा कसा आहे? तेल लावता, की बाटली नुसतीच फडताळात उभी आहे? मुली मजेत. थोरली माझ्या खांद्याला लागली. धाकटीचे पुढचे दात पडल्यामुळे ती सध्या बोलते कमी आणि फुंकर जास्त घालते.

पत्राचं कारण असं, की मी जिंकले. तुमच्या मुलाविरुद्ध जिंकल्याचं तुम्हालाच कळवताना जरा अवघडल्यासारखं होतंय, पण दुसरं सांगायचं कुणाला? माझी आई ऐकता ऐकता मध्येच रडायला लागते. तुम्ही निदान शेवटपर्यंत ऐकून घेता आणि मग भांडता.

मुलींच्या पोटगीचा अर्ज करायचा होता. वकिलांनी फी सांगितली, ती ऐकून मी त्यांच्याकडचं पाणीसुद्धा न पिता उठले (त्याचेही लावले असते). कोर्टाच्या जिन्यात एक पाटी दिसली. आई-बापाची कमाई, मुलांचा खर्च, मुलं कुणाकडे किती दिवस राहतात एवढं भरा. सॉफ्टवेअर पोटगीचा आकडा काढेल आणि पैशाअडक्याचे सगळे फॉर्म छापून देईल, तेही फुकट. झालं. चष्म्याच्या दुकानातली जेवणाची सुट्टी मी ग्रंथालयातल्या संगणकासमोर घालवू लागले. दुकानात दिवसभर लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावते, आता माझ्यावर ती पाळी आली.

पहिल्याच दिवशी निकाल माझ्या विरुद्ध गेला. पडद्यावर स्वच्छ लिहून आलं, की तुमच्या मुलाला दरमहा मीच पैसे द्यावेत, आणि तेही भरघोस. मला तिथेच रडू फुटलं. ग्रंथपाल बाईंनी आधी रुमाल पुढे केला आणि मग हळूच म्हणाल्या, "वर 'मासिक' लिहिलंय. तुम्ही वर्षाचा पगार टाकलाय." अशी श्रीमंती मी अर्धा तास भोगली. दुसऱ्या वेळी तुमच्या मुलाचं नाव आणि जन्मतारीख चुकून मुलांच्या रकान्यात पडली. सॉफ्टवेअरनं विचारलं, "हे अपत्य सज्ञान आहे. ते स्वतःच्या पायांवर उभं आहे का?" मी बराच वेळ विचार केला आणि प्रामाणिकपणे 'नाही' दाबलं. लगेच त्याच्याही पोटगीचा हिशेब पुढे आला. (रागावू नका. ती ओळ मी नंतर पुसली. पण जड मनानं पुसली, कारण लग्नाच्या इतक्या वर्षांत माझं म्हणणं इतक्या चटकन कुणाला पटलं नव्हतं.)

हळूहळू हात बसला. शाळेची फी, धाकटीचा दंतवैद्य, थोरलीचे दर सहा महिन्यांनी आखूड होणारे बूट, सगळं पावत्यांसकट भरलं. फॉर्म छापून निघाले तेव्हा ते गरम होते. मी ते छातीशी धरून दुकानात गेले आणि दिवसभर गिऱ्हाइकांशी फार गोड बोलले.

सुनावणीला तुमचा मुलगा ऑफिसातल्या एका मित्राला घेऊन आला. या गृहस्थांचे दोन घटस्फोट झालेले असल्यामुळे ते स्वतःला निम्मे वकील समजतात. मी त्यांना मनातल्या मनात 'अनुभवी' म्हणते. अनुभवींनी एका चिटोऱ्यावर जी रक्कम लिहून आणली होती, तिच्यात मुलींचे मोजे आले असते, बूट नाही. कोर्टातल्या अधिकारी बाईंनी चिटोरं बाजूला सारलं आणि दोघांचे आकडे त्याच सॉफ्टवेअरमध्ये घातले. माझा एकही आकडा हलला नाही. तेव्हा तुमचा मुलगा म्हणाला, "माझ्यावर आईचीही जबाबदारी आहे. तिला दरमहा पैसे पाठवतो."

आई, मी गप्प बसले. तुम्ही बहिणींना, शेजारणींना, अगदी भाजीवाल्यालासुद्धा तो पाठवतो म्हणून सांगत आलात. तुम्हाला खोटं पाडणं माझ्याच्यानं झालं नसतं.

"किती पाठवता?" बाईंनी विचारलं.

त्यानं जवळजवळ अर्धा पगार सांगितला. अनुभवींनी वर थोडी भर घातली.

"आईंचा खाते क्रमांक?"

तो छताकडे बघू लागला, मग अनुभवींकडे, मग माझ्याकडे. क्रमांक मी सांगितला. तुमच्या पेन्शनचे कागद इतकी वर्षं मीच भरत आले, पाठ झालाय.

"छान," बाई म्हणाल्या. "हा खर्च धरते. म्हणजे पुढच्या पगारापासून एवढी रक्कम परस्पर कापून त्यांच्या खात्यात जाईल, मुलींच्या पैशांसारखीच."

"म्हणजे खरंच पाठवायचे?" तो म्हणून गेला.

"मग आजवर कसे पाठवत होता?"

अनुभवींना एकाएकी फोन आला आणि ते बाहेर गेले. शेवटी तुमच्या मुलानं खालमानेनं झेपेल एवढी रक्कम सांगितली. बाईंनी ती घातली, आणि मुलींचा आकडा मी मागितला होता त्याच्याहून अगदी किंचितच खाली आला. त्यानं सही केली. मला पेढे वाटावेसे वाटले, पण कोर्टात तसं करत नाहीत म्हणे.

जिन्यात त्यानं मला थांबवलं. "आई तुझ्याजवळ कधी काही बोलली होती?"

"नाही," मी म्हटलं. "त्या सगळ्यांना सांगतात, तू पाठवतोस."

तो किल्ली हातात घोळवत तसाच उभा राहिला. मी पुढे निघाले. विजयी माणसानं मागे वळून बघू नये म्हणतात, पण मी बघितलं.

तुमची (कुठल्याच रकान्यात न बसणारी)
सून

ता. क. पैसे आले की ते गुपचूप त्याला परत पाठवू नका. तुमचा स्वभाव मला माहीत आहे.

ता. क. दुसरं, आणि पत्र खरं तर यासाठीच. तुमच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मी तुम्हाला न विचारता घेतली आहे, पुढच्या सोमवारची. आमच्या दुकानासमोरच दवाखाना आहे. राहायचं माझ्याकडे, मुलींनी खोली आवरायला घेतली आहे. आणायला तुमचा मुलगा गाडी घेऊन येईल, मी फोनवर पुरतं विचारण्याआधीच तो हो म्हणाला. वाटेत तो काहीतरी बोलायला बघेल. बोलू द्या. नेहमीसारखं "राहू दे रे" म्हणू नका.