मागे यायला चार माणसं

१२ जानेवारी, रविवार

इंजिन बसलं. म्हणजे ठेवलं गेलं एकदाचं. सकाळपासून शेलार गावात धनेशच्या शेडमध्ये उभी होते. पाठचा भाऊ आहे, जावंच लागतं. लूम भंगारात गेल्यापासून शेड रिकामी. तिथे हे राजे दोन सीटची स्पोर्ट्स कार बनवताहेत. लोखंडी पाइपांचा सांगाडा, कुठल्याशा जुन्या गाडीची चाकं, आणि सीटच्या मागे स्वतःच्या मोटारसायकलचं इंजिन. मोटारसायकल भिंतीला टेकून उभी — पोट साफ केलेल्या कोंबडीसारखी.

सोबत कुमार. धनेशचा शाळेपासूनचा दोस्त, एरवी शटर आणि गोदामांचे रॅक बनवतो. इथे फुकट वेल्डिंग करतो आणि अखंड बोलतो. त्याच्या मशीनला मध्ये मध्ये थंड व्हावं लागतं, तोंडाला नाही.

दोन फेब्रुवारीला पडघ्याचे एक रिसॉर्टवाले गाडी बघायला येणार. पाहुण्यांना फिरवायला त्यांना अशा गाड्या हव्यात. पसंत पडली तर शेड पुन्हा चालू. नाहीतर धनेशला गोदामात ड्युटी.

निघताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, एक गोची हाय. रिव्हर्स न्हाय. मोटारसायकलच्या इंजिनाला मागचा गियरच नसतो. रिक्षाचा बसवून बघतो. पन कुठं बोलू नको. कुमारला ठाऊक हाय नि तुला, बस."

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. गोड बोलायचा दिवस. साप्ताहिकातल्या 'वाकडे मास्तर' सदराचा मजकूर संध्याकाळपर्यंत द्यायचा होता आणि डोक्यात काही नाही. खड्ड्यांवर तरी किती वेळा लिहायचं?

मग लिहिलं. नाव नाही, गाव नाही. 'आमच्याकडे एकाने स्पोर्ट्स कार बनवली आहे. पुढे जायला पाच गियर, मागे यायला चार माणसं.' लिहून स्वतःच हसले. पाठवूनही टाकलं.

'वाकडे मास्तर' म्हणजे मी, हे संपादक सोडून कुणाला माहीत नाही. ह्यांनासुद्धा नाही. लोकांना वाटतं कुणीतरी रिटायर्ड मास्तर असावा, घरात कुणी विचारत नसलेला.

१७ जानेवारी, शुक्रवार

छापून आलं. ह्यांनी चहा पिताना मोठ्याने वाचलं आणि बशीत चहा सांडेपर्यंत हसले. "अगं, हा आपला धनेश तर नाही?" मी म्हणाले, "गाड्या काय एकटा धनेशच बनवतो?" भिवंडीत दुसरं कोण बनवतं, ते मलाही ठाऊक नाही.

१८ जानेवारी, शनिवार

शेलारच्या नाक्यावर धनेशला लोक विचारतात, "काय शेठ, चार मानसं पाठवू का?" फोनवर आवाज बसलेला होता त्याचा.

"कुमारनंच तोंड उघडलं. दुसऱ्या कुनाला ठाऊकच न्हवतं."

"मला होतं की," असं मी म्हणाले. खरंच म्हणाले. पण हसत.

"तू माझी ताई हायस. तुझं नाव घेऊ का मी?"

"हं," म्हणाले. एवढंच. एरवी माझी जीभ कुठे कुठे पोचते.

२० जानेवारी, सोमवार

धनेशने कुमारला शेडमधून काढलं. नेत्रा — धनेशची बायको — सांगत होती, मशीन टेम्पोत चढेपर्यंत कुमार शपथा घेत होता आणि हा पाठ करून उभा. इंजिन धरणाऱ्या पट्ट्या अजून कच्च्याच टाचलेल्या. "माझ्या लग्नाआधीपासून या घरात जेवनारा मानूस, ताई," म्हणाली. मी भाजी निवडत होते. निवडत राहिले.

२३ जानेवारी, गुरुवार

धनेश घरी आला. "त्या वाकडे मास्तरला उत्तर लिही. शाळेत मराठी शिकवतेस, तुझ्यासारखं कोन लिहील?"

लिहिलं. मास्तराची सालटी काढली. छान जमलं. आणि जमल्याचा आनंद झाला — लाज वाटायची ती याची.

२६ जानेवारी, रविवार

शेलार. धनेशने भाड्याचं मशीन आणून पट्ट्या स्वतःच वेल्ड केल्या, तोंडासमोर काळी काच न धरता. आता डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतंय. मी गेले तेव्हा खाटेवर आडवा, डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या. काल इंजिन चालू केलं तर जोड तडकला आणि चेन सुटून पत्र्यावर आपटली. "सीटच्या एवढीच मागं," नेत्राने वीत दाखवली. "आणि हे म्हनतात, परत वेल्ड करतो नि बसून बघतो."

"कुमारला बोलव," मी म्हणाले.

"मेलो तरी न्हाय," खाटेवरून उत्तर. "तू काय लिहिलंस ते वाच."

समोर डोळे मिटलेला माणूस. नजर चुकवायचीसुद्धा गरज नाही. याहून सोपी संधी देवाने तरी काय द्यायची? मी वाचलं. सगळं उत्तर, आवाजाच्या चढउतारांसकट. तो चकत्यांखाली हसला. "बरोबर झोडलंस त्याला."

२८ जानेवारी, मंगळवार

उत्तर पाठवलं नाही. धनेशला सांगितलं, साप्ताहिकवाले असलं छापत नाहीत. एकावर एक चढतंय.

३० जानेवारी, गुरुवार

ठरवून कुमारच्या दुकानात गेले — आज सांगायचंच. तो शटरची पट्टी कापत होता. मला बघून कटर बंद केला, स्टूल पुसलं. आणि मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "ताई, मीच बोललो असेन."

"म्हणजे?"

"तवा शपथ घेतली, खरी वाटली म्हनून घेतली. पन मी काय ध्यानात ठेवून बोलतो? टपरीवर बोललो असेन. काळूरामच्या हळदीत बोललो असेन, तिथं तर पिलो होतो. लय आठवतो, सापडत न्हाय. पन माझ्याबिगर कोन? तू थोडीच बोलनार?"

हल्ली गप्पच बसतो म्हणाला. टपरीवर जात नाही. बायको विचारते, बरं नाही का?

"धनेशचे पाय धरतो. त्यानं केलेल्या जोडाचं ऐकलं मी. त्यावर बसला तर मरंल तो. तू मधी पडशील?"

मी सांगायला गेले होते. आणि म्हणाले काय — "चल, मी येते बरोबर."

रिक्षात शेलारपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. कुमार!

१ फेब्रुवारी, शनिवार

परवा धनेशने त्याला आधी मनसोक्त ऐकवलं, मग मिठी मारली. कालपासून दोघे भिडलेत. कुमारने फुटके जोड घासून काढले, जाड पट्ट्या लावल्या, खाली रबर दिलं. आज इंजिन चालू झालं आणि सांगाडा हलला नाही. रिव्हर्सचं राहिलं. धनेश म्हणतो, पाहुण्यांना आधीच सांगून टाकू. आता लपवण्यासारखं उरलंय काय त्यात?

"ताईमुळे झालं," नेत्रा म्हणाली आणि पहिला चहा मला दिला. मी प्यायले. घशाखाली उतरला, तेही लिहून ठेवते.

२ फेब्रुवारी, रविवार

गाडी पसंत पडली. मला हे नेत्राच्या मेसेजवरून कळलं.

पाहुणे यायच्या आधी धनेश चेष्टेत कुमारला म्हणाला, "तू त्यांच्यासमोर तोंड उघडू नको हां. तुझा भरवसा न्हाय." सगळे हसले. कुमारने मान डोलावली आणि जाऊन भिंतीशी उभा राहिला, शाळेत उभं करतात तसा.

मी म्हणाले, "वाकडे मास्तर मी आहे. कुमार कुठे काही बोलला नव्हता."

धनेशने इंजिन बंद केलं. माझ्याकडे बघितलं नाही. नेत्राला म्हणाला, "हिला रिक्षापर्यंत सोड."

नाक्यापर्यंत मागे आला तो कुमार. धापा टाकत. मला वाटलं, शिव्या घालणार. घालायला हव्या होत्या.

"ताई, म्हंजे मी खरंच कुठं बोललो न्हवतो?"