कोणीही मृत झाले नसताना सारंगी वाजविल्याबाबत

प्रति,
मा. केंद्र संचालक,
कृष्णाकाठ नभोवाणी केंद्र,
कराड, जि. सातारा.

विषय : रात्रीच्या फर्माईशी कार्यक्रमावर मला परत घेणेबाबत.
संदर्भ : मला कामावरून दूर केल्याचे आपले ज्ञापन, दि. ४ मार्च १९७४.

महोदय,

मी या केंद्रावर रात्रीचा निवेदक असून श्रोत्यांच्या पत्रांवरून गाणी लावतो. म्हणजे गेल्या आठवड्यापर्यंत लावीत होतो. मी 'विनाकारण सारंगी वाजवून दोन जिल्ह्यांत दुखवटा पसरविला' असे आपले म्हणणे आहे. सारंगी मी वाजविली. दुखवटा लोकांनी आपापल्या हौसेने पाळला.

१) त्या रात्री तबकड्यांचे कपाट कुलूपबंद होते. किल्ली कपाटाचे रक्षक श्री. ज्योतिबा यांच्या करगोट्याला, आणि श्री. ज्योतिबा गावच्या यात्रेत. बाहेर एकच तबकडी होती, सारंगीची. ती सदैव बाहेर ठेवावी असा आपलाच आदेश आहे. कारण मोठा माणूस केव्हा जाईल याचा नेम नसतो, आणि अशा वेळी किल्ली शोधत फिरणे बरे दिसत नाही.

२) मंजूर कागदाबाहेर निवेदकाने एक शब्द बोलू नये, हाही आपलाच आदेश. 'कपाटाला कुलूप आहे, कोणी मेलेले नाही' हे वाक्य कागदावर नव्हते. सबब मी गप्प राहून सारंगी लावली. संपली, पुन्हा लावली. दोन्ही आदेश पाळणारा घरी बसला. मोडणाऱ्याचे काय झाले असते, याची कल्पना करवत नाही.

३) गाणी थांबून सारंगी लागली की कोणी तरी मोठे गेले, हे आपल्या भागात शेंबड्या पोरालाही कळते. कोण गेले, ते मागाहून कळते. त्याप्रमाणे सकाळी लोणंदला कांद्याचे लिलाव बंद राहिले. वडूजकडील एका गावात शाळा प्रार्थनेनंतर सुटली व मुलांनी शोक अत्यंत आनंदाने पाळला. एके ठिकाणी तर शोकसभा झाली. वक्ते दिवंगतांच्या साधेपणावर भरभरून बोलले. ठरावात नावाची जागा कोरी सोडली आहे.

४) माजी सभापती नानासो बरेच दिवस आजारी होते. म्हणून काही उत्साही मंडळी हार घेऊन थेट त्यांच्याच दारी गेली. नानासो ओट्यावर भाकरी खात होते. त्यांनी हार गळ्यात घालून घेतला, भाषणे पुरी ऐकली, आणि 'लय झ्याक बोल्लासा रं! इलेक्शनात कुटं गेली हुती ही तोंडं?' असे विचारले. आपल्याकडे आलेली तक्रार त्यांची नव्हे. ती हारवाल्यांची आहे.

५) महोदय, आता हात जोडून लिहितो. हे काम माझ्या जिवाचे आहे. रात्री उसाला पाणी पाजणारे गडी आणि ज्यांचे धनी पलटणीत आहेत त्या बाया माझ्या आवाजाची वाट पाहतात. राहीबाई नावाच्या भगिनींनी लिहिले होते, 'भाऊ, तुमी आमच्या गावाचं नाव घ्येतलं की वाटतं, कुनीतरी इचारपूस केली.' अशी पत्रे न वाचता पडून आहेत. मला त्याचे फार वाईट वाटते.

६) माझ्या जागी माणूस मिळालेला नाही आणि श्री. ज्योतिबा यात्रेहून परतलेले नाहीत. त्यामुळे माझ्या वेळेत आपण रोज सारंगीच लावीत आहात. सारंगी सुरू आणि माझा, म्हणजे सयाजीचा, आवाज बंद, यावरून श्रोत्यांनी काय समजायचे ते समजून घेतले आहे. रोज माणसे येऊन माझ्या आईच्या, चंद्राबाईंच्या, गळ्यात पडतात. आई सांगते, 'आवं, जित्ता हाय त्यो! ह्यो काय जेवाय बसलाय.' मीही ताटावरून उठून रामराम घालतो. काल धोंडुबाई नावाच्या म्हातारीने मला खालीवर न्याहाळले, 'मानूस खोटं बोलंल, रेडिओ न्हाई बोलायचा' म्हणून डोळ्यांना पदर लावला आणि पुन्हा सूर धरला.

तरी कामावर घ्यावे. ते जमत नसेल तर निदान एक रात्र माझा आवाज जाऊ द्यावा. भावकीने माझा दहावा येत्या गुरुवारी धरला आहे. निर्णय त्याआधी व्हावा. एकदा का कावळा पिंडाला शिवला, की मग माझे म्हणणे खुद्द माझी आईही ऐकून घेणार नाही.

आपला नम्र व अद्याप हयात,
सयाजी हरिबा काटकर
ता. खटाव, जि. सातारा
दि. ११ मार्च १९७४